रॅन्सम म्हणजे खंडणीच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातुरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. पेपरात रोज येतो असा हा एक शब्द, पण दर बॅचला त्याच्यावर तेच ते प्रश्न येतात आणि दर वेळी तासाभराचा विषय होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. सगळे प्रश्न पोरांनी, काही त्यांच्या आईवडलांनी खरंच विचारलेले आहेत.

रॅन्सम म्हणजे काय, एका ओळीत सांगा ना सर

धरून ठेवलेल्या माणसाला सोडायचं म्हणून मागितलेला किंवा दिलेला पैसा. यात "धरून ठेवलेला माणूस" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. माणूस अडकलेला नसेल तर बहुतेक वेळा तिथं रॅन्सम हा शब्द बसत नाही, दुसरा कुठला तरी बसतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मग डिक्शनरीत सरळ 'खंडणी' का दिलंय?

कारण मराठीत एकटी खंडणी तीन-चार कामं करते. जुन्या इतिहासात खंडणी म्हणजे हरलेल्या किंवा मांडलिक राजानं वरच्या राजाला भरायची रक्कम, त्याला इंग्रजीत ट्रिब्यूट. आजच्या पेपरात "व्यापाऱ्याकडं दहा लाखाची खंडणी मागितली" असं येतं तेव्हा ती धमकी देऊन उकळलेली रक्कम, म्हंजे एक्स्टॉर्शन. आणि "मुलाचं अपहरण करून खंडणी मागितली" असं असतं तेव्हा तो रॅन्सम. इंग्रजीला तीन शब्द आहेत, आपल्याला एक, त्यामुळं इंग्रजी करताना आपली पोरं तिन्ही ठिकाणी रॅन्सम ठोकतात आणि मार्क जातात.

सरकारी मराठीत मुक्तिधन असा शब्द कधी दिसतो, चुकीचा नाही, पण बोलताना तो वापरलेला मी अजून कुणाच्या तोंडून ऐकला नाही. हिंदीत फिरौती आहे, तो एकदम फिट्ट बसतो.

आपल्या बोलण्यात याच्या जवळचा शब्दच नाही का मग?

आहे की, आणि फार सुंदर आहे. "सोडवणं". बघा, पेरणीच्या टायमाला बी-बियाणं, खत घ्यायला पैसे नसतात म्हणून घरातली पोत बँकेत सोनेतारणात जाते, आणि सोयाबीन विकलं की दिवाळीच्या आधी आई म्हणते आधी पोत सोडवून आणा मग बाकीचं बघा. पोत सोडवून आणायची, आणि माणूस पोलीस स्टेशनात बसवून ठेवला असला तर तोही सोडवूनच आणायचा. वस्तू असो का माणूस, आपण एकच क्रियापद वापरतो.

आता गंमत ऐका. लॅटिनमध्ये एक शब्द आहे रेडेम्प्टिओ, म्हणजे परत विकत घेणं, मोल देऊन सोडवून घेणं. तो फ्रेंचमध्ये जाऊन घासून घासून रांसों झाला आणि तिथून इंग्रजीत आला तो रॅन्सम. तोच लॅटिन शब्द दुसऱ्या वाटेनं इंग्रजीत आला तो रिडेम्प्शन, आणि त्याच घरातला रिडीम. तुम्ही फोनवर कूपन रिडीम करता, बँकेची इंग्रजी कागदपत्रं तारण सोडवण्याला रिडीम म्हणतात, ते सगळे रॅन्समचे चुलतभाऊच. म्हणजे इंग्रजीला ज्यासाठी दोन शब्द लागले ते आपली आई एका शब्दात बोलते. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना तेच सांगत फिरत होतो.

कोंडवाड्यातून जनावर सोडवताना पैसे भरतो, तो रॅन्सम का?

नाही. हा प्रश्न एका पोरानं विचारला तेव्हा मला आमच्या गावचा कोंडवाडा आठवला. आमचा तांबडा बैल एकदा दावं तोडून शेजारच्याच्या हरभऱ्यात शिरला, त्यानं तो नेऊन कोंडवाड्यात घातला. आजोबा मला घेऊन गेले, ग्रामपंचायतीच्या शिपायानं वहीत नाव लिहिलं, पावती फाडली, आजोबांनी धोतराच्या सोग्यातनं नोटा काढून मोजल्या, मग फाटक उघडलं. बैल आम्हाला बघून हंबरला नाही, नुसता येऊन उभा राहिला. आजोबांनी आधी बादलीभर पाणी पाजलं मग घराकडं आणला.

धरून ठेवलंय, पैसे दिले, सुटका झाली, वरून बघितलं तर सगळं रॅन्समसारखंच. पण तो दंड, इंग्रजीत फाइन. कारण धरून ठेवण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे, १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदाच आहे तसा, रक्कमही ठरलेली असते, पावती मिळते. रॅन्सममध्ये पावती नसते. जामिनाचंही तसंच. जामीन म्हणजे बेल, ती कोर्टाला दिलेली हमी आहे, माणूस तारखेला हजर राहिला की ती मोकळी होते. बेलला रॅन्सम म्हणू नका, पेपर तपासणारा हसेल.

लाच, हप्ता, ब्लॅकमेल यांचं काय?

पटकन सांगतो. काम करून घ्यायला स्वतःहून किंवा मागितल्यावर चोरून दिलेला पैसा ती लाच, ब्राइब. दुकानदारानं "आपल्याला त्रास नको" म्हणून दर महिन्याला गुंडाला द्यायचा तो हप्ता, प्रोटेक्शन मनी. फोटो, व्हिडिओ, गुपित बाहेर काढीन म्हणून मागितलेला पैसा ते ब्लॅकमेल. धमकीनं उकळणं हे सगळं मिळून एक्स्टॉर्शन. आणि माणूस ताब्यात ठेवून मागितला तरच रॅन्सम.

उच्चार कसा करायचा? आमच्यात कुणी रान्सम म्हणतं, कुणी रॅन्डम

रॅन्सम. जोर पहिल्या रॅन् वर, पुढचा सम हलका, जवळजवळ गिळलेला. स्पेलिंग आर ए एन एस ओ एम, त्यात ओ आहे म्हणून "रॅन्सोम" म्हणायचं नाही. रॅन्डम म्हणजे कसंही, क्रम नसलेलं, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हॅन्डसमशी यमक जुळतं पण तेवढंच.

वाक्यात कसा वापरायचा?

नाम म्हणून: डिमांड अ रॅन्सम, म्हणजे मागणं. पे अ रॅन्सम, म्हणजे देणं. "अ रॅन्सम ऑफ फिफ्टी लॅख रुपीज" म्हणजे पन्नास लाखाची. चिठ्ठी पाठवली असेल तर रॅन्सम नोट, फोन आला तर रॅन्सम कॉल. "किडनॅप्ड फॉर रॅन्सम" हे तर हेडिंगमध्ये रोजच.

क्रियापद म्हणून वापरताना मात्र निम्मा वर्ग चुकतो. पोरं लिहितात "द किडनॅपर्स रॅन्सम्ड द बॉय" आणि त्यांना म्हणायचं असतं की अपहरणकर्त्यांनी पैसे मागितले. पण रॅन्सम हे क्रियापद मुख्यतः पैसे देऊन सोडवणाऱ्याचं आहे. "द फादर रॅन्सम्ड हिज सन" म्हणजे बापानं पैसे भरून पोराला सोडवलं. सोडवणारा कर्ता, मागणारा नाही. मागणाऱ्यासाठी डिमांडेड अ रॅन्सम असंच लिहायचं.

होल्ड टू रॅन्सम आणि होल्ड फॉर रॅन्सम, बरोबर कुठलं?

दोन्ही. टू ब्रिटिशांचं, फॉर अमेरिकनांचं. आपल्याकडं परीक्षेत बहुतेक ब्रिटिश पद्धत चालते म्हणून टू पाठ करा.

पण याचा दुसरा अर्थ जास्त येतो. "युनियन इज होल्डिंग द सिटी टू रॅन्सम" असं पेपरात येतं तेव्हा कुणाला पळवलेलं नसतं, कुणीतरी आपली मागणी मान्य करून घ्यायला सगळ्यांची अडवणूक करतंय असं म्हणायचं असतं. याला मराठीत तयार शब्द आहे, वेठीस धरणं. "संपामुळं प्रवासी वेठीस." आणि हा शब्द आपल्या मराठवाड्यात नुसता वाक्प्रचार नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, आणि वेठ म्हणजे काय हे गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी अंगावर काढलेलं होतं. अधिकारी गावात आला की त्याचं ओझं वाहायला, लाकडं फोडायला माणूस धरून न्यायचा, मजुरी नाही. म्हणून मला असं वाटतं की एसटीवाले किंवा अंगणवाडीच्या बाया पगारासाठी बसल्या की लगेच "वेठीस धरलं" लिहिणं बरं नाही. ज्यांच्या आज्यानं वेठ केली त्यांनाच तो शब्द चिकटवायचा, हे मनाला पटत नाही. भाषांतर म्हणून शब्द बरोबर आहे, वापरताना जरा विचार करा एवढंच.

ओलीस आणि रॅन्सम एकच ना?

नाही नाही. ओलीस हा माणूस, होस्टेज. रॅन्सम ही रक्कम. आणि ओलीस ठेवला की पैसेच मागतात असंही नाही. १७०७ मध्ये औरंगजेब वारल्यावर मोगलांनी शाहू महाराजांना सोडलं, पण त्यांच्या आई येसूबाईंना ठेवून घेतलं, म्हणजे शाहू महाराज शब्दाला जागतील याची ती हमी होती. त्या १७१९ मध्ये सुटल्या. बारा वर्षं. तिथं होस्टेज हा शब्द येईल, रॅन्सम येणार नाही, कारण तो पैशाचा सौदा नव्हता, राजकारणाचा होता. १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारला नेलेल्या विमानाचंही बघा. अपहरणकर्त्यांनी सुरुवातीला पैसेही मागितले होते, वीस कोटी डॉलर, ती रॅन्समची मागणी. शेवटी तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आणले, ती अदलाबदल, एक्स्चेंज.

देवगिरीच्या रामदेवरायानं अल्लाउद्दीनाला दिलं ते काय होतं?

हा प्रश्न आपल्या भागातच येतो आणि यावाच. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, यादवांचा पराभव झाला आणि सोनं, मोती, रत्नं असा प्रचंड खजिना घेऊनच तो परत फिरला. दौलताबादचा, म्हणजे याच देवगिरीचा, किल्ला चढताना त्या अंधाऱ्या भुयारातनं गेलात की असा किल्लासुद्धा पैसे मोजून वाचवावा लागला याचं फार वाईट वाटतं. पण राजा तेव्हा त्याच्या कैदेत नव्हता, वेढा उठवण्यासाठी दिलेली ती रक्कम, म्हणून इंग्रजीत ट्रिब्यूट किंवा इन्डेम्निटी, म्हणजे युद्धाची भरपाई, म्हणणं जास्त नीट. आपली खंडणी मात्र इथं शंभर टक्के बसते.

किंग्ज रॅन्सम म्हणजे? राजाला खरंच कुणी पळवलं होतं का?

वाक्प्रचाराचा अर्थ अवाच्या सवा रक्कम. "द वेडिंग कॉस्ट अ किंग्ज रॅन्सम", लग्नाला डोळे फिरतील इतका पैसा लागला. आणि हो, राजे खरंच धरले जायचे. मध्ययुगात युरोपात लढाईत मोठा माणूस हाती लागला तर मारण्यापेक्षा सोडवणुकीचे पैसे घेणं हा उघड रिवाज होता, त्यात कुणाला गुन्हा वाटत नव्हता. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, धर्मयुद्धावरून परत येताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ धरला गेला. ऑस्ट्रियाच्या सरदारानं पकडला आणि जर्मन सम्राटाच्या ताब्यात दिला. मागणी दीड लाख मार्क चांदीची, मार्क म्हणजे तेव्हाचं चांदीचं माप. इंग्लंडमध्ये लोकांच्या उत्पन्नावर चौथाई कर बसवला, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी घेतली, मठांची लोकरसुद्धा सोडली नाही. ११९४ मध्ये राजा सुटला. भरलं कुणी? लोकांनी.

मला त्याहून फ्रान्सच्या जॉन राजाची गोष्ट सांगायला आवडते. १३५६ मध्ये पॉइटिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती लागला, १३६० च्या तहात तीस लाख सोन्याची नाणी ठरली, थोडी भरली आणि बाकीच्यासाठी पोरांना आणि सरदारांना ओलीस ठेवून राजा घरी आला. त्यातला एक पोरगा ओलिसातनं पळून गेला. तर हा राजा म्हणाला की शब्द मोडला, आणि १३६४ मध्ये स्वतःच्या पायानं परत इंग्लंडला कैदेत गेला आणि तिथंच वारला. होस्टेज आणि रॅन्सम दोन्ही शब्द एकाच गोष्टीत येतात, त्यामुळं पोरांना फरक कायमचा कळतो.

पैसे दिले की सुटका होतेच का?

शब्दाच्या अर्थात तसं गृहीत आहे, पण इतिहास तसं सांगत नाही. पेरूमध्ये इंका राजा अताहुआल्पा स्पॅनिश लोकांनी १५३२ मध्ये धरला. त्यानं एक खोली भरून सोनं आणि दोन वेळा भरून चांदी देतो असं कबूल केलं, लोकांनी देवळातलं, घरातलं आणून ओतलं. १५३३ मध्ये त्याला मारूनच टाकलं. रॅन्सम मिळाला, राजा सुटला नाही.

मुस्लिम मित्र म्हणतो फिदिया म्हणजे पण हेच. खरं का?

मुळात हो. फिदिया या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सोडवणुकीचं मोल असाच आहे. आता आपण जो ऐकतो तो आजारपणामुळं किंवा म्हातारपणामुळं रोजे होत नाहीत त्यांनी गरिबाला जेवण द्यायचं, त्या अर्थानं. इस्लामी परंपरेत बद्रच्या लढाईतल्या कैद्यांची एक गोष्ट सांगतात, ज्यांच्याकडं द्यायला पैसे नव्हते पण लिहिता वाचता येत होतं, त्यांनी दहा दहा पोरांना शिकवायचं आणि सुटायचं. मास्तर माणूस म्हणून मला ती फार भावते. ख्रिस्ती धर्मग्रंथातही येशूनं पुष्कळांसाठी आपला जीव दिला तिथं इंग्रजीत रॅन्सम हाच शब्द आहे. तिथं कुणी गुन्हेगार पैसे मागत नाही, सोडवणं एवढाच अर्थ.

लग्नात नवरदेवाचे बूट लपवून पैसे मागतात ते?

गमतीत चालतंय. करवल्यांनी बूट दाबून ठेवलेत, हजार दिल्याशिवाय देत नाहीत, इंग्रजीत मजेत त्यालाही रॅन्सम म्हणतात. कानपिळीला मात्र नाही, कारण तिथं मेव्हणा काही ताब्यात ठेवत नाही, कान पिळून हक्कानं आहेर घेतो.

रॅन्समवेअर म्हणजे काय, त्यात तर माणूस नसतो

बरोबर पकडलं. इथं माणसाच्या जागी तुमचा डेटा ओलीस असतो. कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळ्या फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीचे पैसे मागायचे. याचा पहिला प्रकार १९८९ चा, फ्लॉपीवरून पसरला होता आणि १८९ डॉलर पनामातल्या पत्त्यावर पाठवा म्हणत होता. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला, तो दीडशेपेक्षा जास्त देशांत पोचला, सुरुवातीला तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचा. माझ्या ओळखीच्या एका हिशोबनीसाचा सगळा डेटा असाच गेला, स्क्रीनवर नुसती लाल चौकट आणि उलटं चालणारं घड्याळ. त्याच्याकडं आदल्या महिन्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. दर आठवड्याला एक बॅकअप कॉम्प्युटरपासून वेगळा काढून ठेवा.

उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फिटेपर्यंत माणूस बसवून ठेवतात, त्याला रॅन्सम म्हणायचं का?

हा प्रश्न केजकडची एक मुलगी तास संपल्यावर, सगळे गेल्यावर विचारायला आली. तिचे मामा-मामी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडनं उचल घेतलेली, मामी मधेच आजारी पडली, फडात काम कमी झालं, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशोबात फिरती निघाली, म्हणजे उचलीतली बाकी अंगावर राहिली. सगळी टोळी गावाकडं निघाली आणि मामाला कोपीवरच, म्हणजे मजुरांच्या झोपडीवरच, थांबवून घेतलं. बाकी आणा आणि माणूस घेऊन जा. आजीनं दोन शेळ्या विकल्या. मुलगी हे सांगताना वहीच्या कोपऱ्याची गुंडाळी करत होती, उलगडत होती.

आता उत्तर. उचल देणारा मुकादम म्हणेल हे माझं कर्ज आहे, मी खंडणी मागत नाही. पैसे खरंच देणं असतील, तरी ते वसूल करायला माणूस अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. कर्जाच्या बदल्यात माणसाची मोकळीक काढून घेणं याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात, इंग्रजीत बॉन्डेड लेबर, आणि १९७६ च्या कायद्यानं ती बंद केलेली आहे. नुसतं डांबून ठेवणं हाही वेगळा गुन्हा आहे. आणि असंही होतं की मजूर आले नाहीत म्हणून मुकादमालाच उचलून नेतात, त्याच्या घरी फोन जातो, तेव्हा इंग्रजी बातमीत रॅन्सम येतो.

मी तिला म्हणलं, निबंधात लिहायचं असेल तर "हेल्ड ओव्हर अ डेट" लिही, ते काटेकोर आहे. ती म्हणाली, पण सर आजीनं तर सोडवूनच आणलं ना. मग मी तिच्या वहीत लिहून दिलं: "माय ग्रँडमदर सोल्ड टू गोट्स टू रॅन्सम हर सन." या वाक्यात क्रियापद बरोबर आहे, कर्ता बरोबर आहे, एकही मार्क कापता येणार नाही.

कायद्यात किती शिक्षा आहे?

जुन्या भारतीय दंड संहितेत ३६४ अ हे कलम १९९३ मध्ये खास यासाठी घातलं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १४० च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, वर दंड. नुसतं अपहरण आणि पैशाची मागणी एवढ्यावर हे कलम लागत नाही, जिवाची किंवा इजेची धमकी, किंवा तशी खरी भीती वाटेल असं वागणंही सिद्ध व्हावं लागतं, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. साधी धमकीची खंडणी, म्हंजे एक्स्टॉर्शन, ती कलम ३०८.

"तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे" असा फोन आला, तर तो रॅन्सम कॉल का?

हा प्रश्न एका आईचा. पोरगा इथं लातुरात मेडिकलच्या नीट परीक्षेच्या क्लासला, आई गावाकडं, अनोळखी नंबरवरून फोन, मागं कुणीतरी रडल्याचा आवाज, लगेच पैसे टाका, फोन कट करू नका. पोरगा त्या वेळी क्लासमध्ये बसलेला, मोबाइल बॅगेत बंद. भाषेपुरतं सांगायचं तर मागणी रॅन्समचीच, म्हणून पेपरवाले रॅन्सम कॉल लिहितात, पण कुणी धरलेलंच नाही त्यामुळं ही खरं तर फसवणूक. त्या आईनं एक फार हुशारी केली, बोलत बोलत शेजारणीला खुणेनं बोलावलं आणि तिच्या फोनवरून होस्टेलच्या मावशीला फोन लावला. मावशी वर जाऊन बघून आली. पैसे टाकायच्या आधी दुसऱ्या फोनवरून पोराला, रूममेटला, क्लासला, कुणाला तरी लावा. शंका असेल तर पोलिसांच्या ११२ ला, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करा.